दाराबाहेरच्या चपला

श्रावण लागला की आबांचा फोन येतो. आबा म्हणजे माझे थोरले दीर. सोनगीरजवळच्या गावी शेती करतात आणि फोनवर इतक्या मोठ्यांदा बोलतात की मध्ये फोन नसता तरी आमच्या साक्रीपर्यंत ऐकू आलं असतं. यंदाही आला. "मास्तरीणबाई, कानबाईना गहू निसाले या," असं म्हणून गहू निवडायला बोलावलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवून दिला. सर होते तोवर आबा माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्याने समोरासमोर बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. मी पुढ्यात बसलेली असले तरी ते सरांना म्हणत, "तिले सांग, चहा जास्ती गोड व्हयना." आता मधलं माणूसच उरलं नाही, म्हणून बोलतात. मलाही डोक्यावर पदर घ्यायचं लक्षात राहत नाही.

फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळले नव्हते, त्यांचा कोंदट वास भरून राहिला होता. जळगावच्या त्या हॉटेलातल्या खोलीला अगदी हाच वास होता. तो आला की डोळ्यांत पाणी वगैरे यावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मला तसं काही होत नाही. मी कपडे उलटे करून पुन्हा दोरीवर टाकले आणि पंखा वाढवला.

सर म्हणजे माझे यजमान. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवायचो. शाळेत लागलेली 'सर' म्हणायची सवय घरी सुटली नाही. ते भूगोलाचे, मी मराठीची. आणि दोघंही पक्के घरकोंबडे. भूगोलाच्या मास्तराने घरकोंबडं असावं यावर स्टाफरूममध्ये बरीच थट्टा चाले. सर म्हणायचे, "नकाशात फिरलं की पाय दुखत नाहीत आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवायला मिळतं." शाळेची सहल निघाली की आम्ही दोघं आपणहून घटक चाचणीचे पेपर मागून घ्यायचो. बोर्डाचे पेपर तपासायला सरांना धुळ्याला जावं लागे. बाकीचे मास्तर तिथे मुक्काम ठोकून शेवभाजी हाणत, आणि सर संध्याकाळच्या एसटीला लोंबकळत घरी परत. सकाळी पुन्हा धुळे. एवढी दगदग कशाला म्हणून विचारलं की म्हणत, "परक्या पलंगावर मला माझा हात कुठे ठेवायचा ते कळत नाही."

हे घराण्यातच आहे. आबा तर लग्नकार्यालाही अक्षता टाकल्या, पंगत उठली की घराकडे निघतात. स्वतःच्या लग्नात मुलीकडच्या गावी रात्र काढावी लागली म्हणून अजून कुरकुरतात. परक्या घराबद्दलची एक म्हण ते नेहमी सांगतात. ती वर्गात सांगण्यासारखी नाही. तिचा अर्धा भाग एवढाच, की दुसऱ्याच्या घरी थुंकायचीसुद्धा डर.

लोकांना वाटतं, घरकोंबड्यांना प्रवासाची भीती वाटते, गैरसोय सोसत नाही. गैरसोय तर आमच्या घरातही होती. उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच ठाऊक. खरी गोष्ट वेगळी आहे. घराला आपली गरज असते. दूध आत घ्यायचं असतं, तुळशीला पाणी घालायचं असतं, मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, ती एका विशिष्ट धक्क्याने आपणच लावायची असते. हॉटेलाला आपली काही गरज नसते. आपण काल नव्हतो तरी त्याचं चाललं होतं, उद्या नसलो तरी चालेल. माझ्यासारखीला ते पहिल्याच मिनिटाला कळतं. कपाट उघडावं तर आत रिकामे हँगर. खण ओढावा तर रिकामा. कुणाची मागे राहिलेली एक टाचणीसुद्धा नाही.

तर अशा आम्हा दोघांना तीन-चार वर्षांपूर्वीच्या एका श्रावणात जळगावला हॉटेलात राहावं लागलं. सरांच्या घशात गाठ निघाली होती. दवाखान्यात रोज शेक घ्यायचे होते. लोक शेकच म्हणतात त्याला, मशीनखाली काही मिनिटं निजवतात आणि सोडून देतात. भरती करून घेत नाहीत. साक्रीहून रोज येणं-जाणं तर शक्यच नव्हतं. मुलाने, अविनाशने, पुण्यात बसून फोनवर हॉटेल ठरवलं. गावाबाहेरचं, नवं, दवाखान्याला जवळचं. खिडकीच्या मागे कुणाचीतरी केळीची बाग होती. एरवी सावद्याच्या वाटेवर एसटीतून पळती दिसणारी केळी आता दिवसभर समोर उभी. पाऊस आला की त्या रुंद पानांवर असा आवाज व्हायचा की सरांचं बोलणं ऐकू येत नसे. तसाही त्यांचा आवाज बसलाच होता.

पहिल्या दिवशी आम्ही सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. संध्याकाळी दार उघडलं तर चपला गायब. खाली काउंटरवर कुणीतरी 'सापडलेल्या वस्तू' म्हणून जमा केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काउंटरवरचा मॅनेजर तरुण होता. तो म्हणाला, "सर, चपला आत ठेवा ना, इथे सगळे आतच ठेवतात." सरांनी त्याला वर्गात समजवावं तसं समजावलं, "बाळा, ज्या खोलीत झोपतो, त्याच खोलीत जेवतो. तिथे चपला कशा न्यायच्या?" त्या लांबलचक बोळात सगळी दारं सारखी, बंद आणि गुळगुळीत. फक्त आमच्याच दारासमोर दोन जोड.

खोल्या आवरायला मंदाबाई यायची. जवळच्याच खेड्यातली, माझ्याहून थोडी लहान. तिचं आणि माझं पहिलं भांडण पलंगावरून झालं. ती यायच्या आधी मी चादर झटकून, ताणून पलंग लावलेला असायचा. कप विसळलेले, केर कोपऱ्यात गोळा केलेला. "मॅडम, सगळं तुम्हीच केलं तर मी काय करू? मला वाटतं मी चुकून पुन्हा त्याच खोलीत आले," ती म्हणाली. मी म्हटलं, "अहो, परक्या बाईने आमचं अंथरूण उचलायचं म्हणजे कसंतरीच होतं." ती हसली आणि चक्क स्टुलावर बसून माझ्या हातचा चहा प्यायली. त्यानंतर चपला कधी हरवल्या नाहीत. रोज बोळ पुसून झाला की ती त्या भिंतीला लावून नीट जोडीने ठेवायची.

ते दिवस कसे गेले, असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. पायाला मुंग्या येतात, तेव्हा पाय आहे हे कळतं पण पायाला काही कळत नाही, तशी मी होते. सकाळी दवाखाना, मग पातळ पेज, मग औषधं, मग खिडकी. सर छताकडे बघत पडलेले. छताला ओलीचा एक डाग होता. एके दिवशी ते म्हणाले, "हा देश मला ओळखीचा वाटत नाही." मग त्यांनी त्याला नाव दिलं, नद्या दिल्या, एका बाजूला डोंगर दिला. रात्रभर पाऊस झाला की सकाळी डाग पसरलेला असे. "बघ, याला आता समुद्र मिळाला," ते बसक्या आवाजात सांगायचे. जन्मभर आम्ही दोघांनी संसार केला, पण एका खोलीत, काही काम नाही, कुणी येणार नाही, कुणाचा डबा नाही, अशा दोन खुर्च्या टाकून कधी बसलो नव्हतो. हे मला तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि रोज संध्याकाळी एक प्रश्न. आजारपणात सर हळूहळू शाळेची मराठी सोडून घरच्या अहिराणीवर आले होते. "घर कव्हय जासूत?" घरी कधी जायचं आपण? मी म्हणायचे, "उद्या." दोघांनाही माहीत होतं की उद्या नाही.

कानबाई तोंडावर आली तसा हा प्रश्न दिवसातून अनेकदा येऊ लागला. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते. नारळालाच नाकडोळे, नथ, साडी. पण खरा कणा रोटांचा. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजतात, त्याच गव्हाच्या पिठाचे जाड पोळीसारखे रोट करतात. ते भाऊबंदांनीच खायचे, घरातच खायचे. घराबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचे. खाऊन धुतलेल्या हाताचं पाणीसुद्धा मोरीत सांडायचं नाही, स्वच्छ मातीत जिरवायचं. ज्याची मूठ मोजली त्याने आपला घास खाल्लाच पाहिजे. नाहीतर ते चांगलं नव्हे.

डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, गर्दीत जायचं नाही. आता पेच पडला. सरांची मूठ मोजावी तर घास घरात कोण खाणार? न मोजावी तर? आबांनी फोनवर विचारलं, "जित्ता मानूसनी मूठ मी कशी सोडू?" मूठ कोणाची सुटते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. सरांनी फोन कानावरून काढला आणि गादीवर पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी आबांचा पुन्हा फोन. फोन स्पीकरवर टाकलेला, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं, पण विचारायचं सरांनाच. "तिले इचार, तठे चूल शे का?"

तिथे चूल आहे का? मी सरांकडे बघितलं. सरांनी टेबलाकडे. "किटली शे," ते म्हणाले. "इजनी. पानी तापस."

"मंग चूल शेच ना! आन् दार?"

"दार शे."

"चपला कोठे काढतस तुम्ही?"

"दारना बाहेर."

आबा म्हणाले, "मंग घरच शे ते. मी रोट लई येस."

कुठल्या पोथीत हे बसतं मला माहीत नाही. पण कानबाईचं विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी आबा पितळी डबा धुतल्या धोतरात गुंडाळून, एसटीत तो कुठेही खाली न टेकवता, मांडीवर घेऊन जळगावात उतरले. आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलची पायरी चढले. लिफ्टमध्ये शिरायला तयार होईनात, जिन्याने आले. दारात पायांवर पाणी घेऊन आत आले आणि पलंगावर न बसता जमिनीवर मांडी घातली. मग सरही खाली बसले, मीही. गादीचा पलंग रिकामा, आणि आम्ही तिघं फरशीवर.

सरांना गिळवत नव्हतं. मी रोट दुधात कुस्करला, अगदी मऊ केला. ते घास तोंडात धरून बसत, मग डोळे मिटून गिळत. आबा स्वतः न खाता भावाच्या गळ्याकडे बघत होते, घास खाली उतरला की त्यांच्या खांद्यांचा ताण सुटायचा. संपायला फार वेळ लागला. पण सरांनी संपवलं. ताटली बोटाने पुसून घेतली.

पुढे हात धुवायचे. आबा बेसिनपाशी गेले, वाकून जाळीकडे पाहिलं आणि विचारलं, "हाई पानी कोठे जास?" ते कुठे जातं हे आम्हा दोन शिक्षकांपैकी कुणालाच सांगता येईना. मग किटलीच्या शेजारच्या तसराळ्यात सगळ्यांचे हात धुतले. ते पाणी घेऊन आबा खाली गेले आणि काउंटरपाशी ठेवलेल्या हिरव्यागार झाडाच्या कुंडीत ओतायला लागले. मॅनेजर धावत आला. "बाबा, बाबा, ते झाड प्लास्टिकचं आहे!" आबांनी पानाला बोट लावलं. "हाई झाड बी खोटं शे?" त्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा धक्का होता की मॅनेजर ओशाळला आणि स्वतः त्यांना मागच्या फाटकातून केळीच्या बागेत घेऊन गेला. वरून खिडकीतून आम्ही पाहिलं. चिखलात धोतर खोचून आबा एका केळीच्या बुडाशी तसराळं उपडं करत होते. सर हसले. आवाज नव्हता, पण हसले.

आबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले. त्या दिवशी सरांनी घरी कधी जायचं ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कधीच नाही. मला वाटलं, बरं झालं, मन रमलं. संध्याकाळ झाली की मात्र मी कान देऊन बसायचे आणि तो प्रश्न यायचा नाही.

शेक संपले आणि आम्ही साक्रीला आलो. आपली खाट, आपली गोधडी, मागच्या दाराची ती अडकणारी कडी. बघायला माणसं येत, बसत, चहा घेत. सर छताकडे बघत पडायचे. आमच्या छताला डाग नाही. एका संध्याकाळी मी औषध घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा पदर धरला आणि विचारलं, "खोलीवर कव्हय जासूत?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "सर, घरी आहोत आपण. साक्रीला." त्यांनी चौफेर पाहिलं. घर ओळखलं त्यांनी, भ्रम वगैरे नव्हता. समजूत काढल्यासारखं म्हणाले, "हाव, घरच शे. पन खोलीवर कव्हय जासूत?"

मी म्हटलं, "उद्या."

मग तो प्रश्न रोज येऊ लागला आणि माझं उत्तरही तेच. शेतांत कपाशी फुटली त्या दिवसांत सर गेले. आपल्या खाटेवर, आपल्या गोधडीत. माणसं म्हणाली, मास्तरांनी नशीब काढलं. जन्मभर घर सोडलं नाही, शेवटही घरातच झाला, जे हवं होतं ते मिळालं. आबाही हेच म्हणाले. मी मान हलवत राहिले. काय सांगणार होते? की त्यांना खोलीवर जायचं होतं? पुढच्या श्रावणात गहू मोजताना सरांच्या नावाशी आबांचा हात पाटीत तसाच थांबला, मग त्यांनी पुढचं नाव घेतलं. मी शेजारी बसून गव्हातले खडे वेचत होते. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

अविनाश दर सुट्टीत म्हणतो, आई, चल कुठेतरी, चांगलं हॉटेल बघतो. मी नाही म्हणते. तो सुनेला सांगतो, आई पहिल्यापासून घरकोंबडी आहे. खोटं नाही.

यंदा आबांकडे कानबाई झाली, विसर्जन झालं. परतीला आबांनी मला साक्रीच्या गाडीसाठी धुळ्याच्या स्टँडवर सोडलं. मी जळगावच्या गाडीत बसले. कारण विचारू नका, मला पाय नेतील तिकडे मी चालले होते. हॉटेलच्या काउंटरवर आता एक मुलगी होती. म्हणाली, "मॅडम, कशासाठी येणं झालं?" मी म्हटलं, "सहज." केळीकडची, कोपऱ्यातली खोली मागितली. ती रिकामी होती. खोलीला नवा रंग दिलाय. छत पांढरं स्वच्छ, तो देश कुठेच नाही. मागे केळी मात्र आहे, तीच की नवी ते मला ओळखता आलं नाही. मी फरशीवर बसले, पलंगाला टेकून. पाऊस पडत होता, पानांचा आवाज होत होता. काही आठवायचा प्रयत्न केला नाही.

दारावर टकटक झाली. उघडलं तर मंदाबाई. हातात बादली, पोछा. केस पुष्कळ पिकलेत.

"मॅडम, तुम्हीच!" ती म्हणाली. "बोळात चपला बघितल्या दाराबाहेर, म्हटलं, असं कोण ठेवतं? दुसरं कोणी नाहीच." चपला तिने भिंतीला लावून ठेवल्याही होत्या. माझ्या खांद्यावरून तिने आत डोकावलं, तिथून पलंग दिसत नव्हता. "आणि सर? बरे आहेत ना आता?"

इतकी वर्षं ज्याने त्याने विचारलं, त्या सगळ्यांना मी व्यवस्थित सांगत आले, कधी गेले, कसे गेले, घरीच गेले. तेच सांगायला तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं.

"आत आहेत," मी म्हटलं. "आताच डोळा लागलाय."

मंदाबाईने जीभ चावली. बादलीची कडी वाजू नये म्हणून ती हाताने धरली, आणि पाय न वाजवता बोळातून पुढच्या खोलीकडे गेली.